मंदीचा काळ आणि आरोग्यसेवेतील नोकरी

ज्या वर्षी कापसाचा भाव कोसळतो, त्या वर्षी वांकिडीच्या बाजारात कापडाच्या दुकानाकडे कोणी फिरकत नाही, शिंप्याचे यंत्र थांबते आणि घराची डागडुजी पुढच्या सालावर ढकलली जाते. परंतु ताप काही भाव पाहून येत नाही. बाळंतपणही सुगीची वाट पाहत थांबत नाही. यावरून पुष्कळ पालक असा निष्कर्ष काढतात की, इतर धंदे बुडाले तरी आरोग्यसेवेतील नोकरी अढळ राहते. पुढे परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींना घरची वडील मंडळी हेच सांगत असतात. हा निष्कर्ष कितपत खरा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

विद्यार्थिमित्रांनो, अर्थशास्त्रात 'गरज' आणि 'मागणी' हे दोन शब्द भिन्न आहेत. गरजेच्या पाठीशी पैसा उभा राहिला म्हणजेच ती मागणी होते. मंदीत आजार कमी होत नाहीत. खिशातील पैसा मात्र कमी होतो. म्हणून गरज तशीच राहून मागणी घटते. 2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आधीच्या वर्षीच्या तुलनेने सुमारे 24 टक्क्यांनी घसरले. त्या महामारीच्या दिवसांत एकीकडे परिचारिकांची चणचण होती, तर दुसरीकडे नेहमीच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्यामुळे अनेक खासगी रुग्णालयांचे उत्पन्न आटले होते. म्हणजे काम वाढले, आणि त्याच काम करणाऱ्यांची नोकरी मात्र डळमळली. आरोग्यसेवेतील काम मंदीत नाहीसे होत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, एवढेच.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लवकरच 1972 चा भीषण दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील सुमारे 50 लक्ष माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत व माती वाहत होती. अशा काळात औषधाला पैसा कोठून येणार? शिकलेल्या परिचारिका खेड्यात एकट्या राहण्यास नाखूश होत्या, आणि गावकऱ्यांनाही त्या परक्या वाटत. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकवावे, असा मार्ग निघाला. यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या, काही दलित समाजातील होत्या. कालपर्यंत शेतात मजुरी करणारी स्त्री जामखेडला येऊन शिकू लागली, आणि गावी परतून गर्भवतीची तपासणी, बाळाचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, शुद्ध पाण्याची निगा ही कामे करू लागली. उपजीविकेसाठी तिला लहान कर्जाचा आधार मिळे; त्यावर ती शेळ्या पाळी किंवा किरकोळ व्यापार करी. प्रकल्पाच्या गावांत 1971 साली दर हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. आरोळे दांपत्यास 1979 साली मॅगसेसे पुरस्कार लाभला.

प्राणहितेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' ही संस्था स्थापिली आणि खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. हीच पद्धत पुढे देशभरच्या आशा स्वयंसेविकांच्या कामात समाविष्ट झाली. 2005 साली सुरू झालेल्या आशा योजनेत साधारणतः 1000 वस्तीमागे एक आशा, असे प्रमाण ठरले. तुमच्यापैकी कित्येकांच्या आई, काकू किंवा शेजारीण हेच काम करीत असतील.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आशा ही 'स्वयंसेविका' गणली गेली. तिला पगारी नोकराचा दर्जा दिला गेला नाही, कामागणिक मोबदला ठरला. महामारीत तीच दारोदार फिरली. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातील सुमारे 70,000 आशांनी वाढीव मोबदल्यासाठी संप केला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण गौरवाने चूल पेटत नाही. कामाला 'सेवा' म्हटले की त्याचे मोल कमी द्यावे, ही रीत न्याय्य नव्हे. ज्या समाजाचे बाळ तिच्या हाती सुरक्षित आहे, त्या समाजाने तिच्या मुलांच्या पोटाचीही चिंता वाहिली पाहिजे.

तेव्हा परिचारिका होऊ इच्छिणाऱ्यांनी नोकरी अढळ आहे या भरवशावर या क्षेत्रात येऊ नये. नोकरीचे ठिकाण, हुद्दा व वेतन बदलेल. आज शहरातील रुग्णालय, उद्या तालुक्याचे आरोग्यकेंद्र, परवा एखादा आदिवासी पाडा. जे अंगी बाणलेले असते ते मात्र बरोबर येते: अचूक निरीक्षण, स्वच्छतेची शिस्त, रुग्णाची भाषा. आपल्या भागात ती भाषा मराठी असेल, तेलुगू असेल, वा गोंडी.

अभ्यास म्हणून सुटीत एवढे करा. आपल्या गल्लीतील आशाताईंबरोबर एक सकाळ फिरा. त्यांनी किती घरे पाहिली, किती वेळ दिला आणि त्यांपैकी कोणत्या कामाचा मोबदला मिळाला, हे वहीत मांडा. मंदी आणि आरोग्य यांचा संबंध त्या एका पानावर तुम्हांस स्वच्छ दिसेल.