पाणी कोणाचें ?

इ. स. १९७२ च्या दुष्काळांत पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्याची स्थिति अत्यंत शोचनीय झाली. ती पाहून विलासराव साळुंखे नांवाच्या इंजिनियरांनीं नायगांवीं देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडानें घेतली आणि बांध घालून तींत पावसाचें पाणी अडविलें. प्रयोग साधला. पण एकाच शेतांत पीक डोललें, तर गांवाचें काय भलें झालें ? या विचारांतून ‘पाणी पंचायत’ निघाली.

तिचे नियम कडक होते. पाणी द्यावयाचें तें जमिनीच्या मानानें नव्हे, माणसांच्या मानानें : माणशीं अर्ध्या एकरापुरतें, व कुटुंबास अडीच एकरांपलीकडे नाहीं. भूमिहीनासही वांटा, ऊंस मात्र वर्ज्य! कित्येकांस याचें नवल वाटेल. परंतु एक एकर उंसाच्या पाण्यावर कित्येक एकर ज्वारी पिकते.

नुसत्या बंदीनें शेतकरी वळला नसता, हें उघड आहे. म्हणून योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्साच सभासदांनीं द्यावयाचा. बाकीचा सरकारी अनुदानांतून व संस्थेच्या बिनव्याजी कर्जांतून उभा राही. पाळीचें पाणी सोडणारा पाटकरीही सभासदांनींच नेमलेला असे.