शेततळ्याकाठची चतुराची कात : शोध व ओळख

पावसाळ्याच्या अखेरीस परभणी जिल्ह्यातील कापूस व सोयाबीनच्या शिवारांवर चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. हा कीटक डास, माश्या व लहान पतंग खातो. पिकास त्याचा उपद्रव नाही. परंतु उडणारा चतुर दुरूनही आलेला असतो. पिवळसर तांबूस भटका चतुर तर वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून मालदीव बेटांपर्यंत जातो. म्हणून अमुक तळ्यातच चतुराची वाढ झाली, याचा खात्रीचा पुरावा म्हणजे काठावरील त्याची कात होय.

कात कशी राहते?

चतुराची पिल्ले पाण्यात वाढतात व डासांच्या अळ्या खातात. भटक्या चतुराच्या पिल्लाची वाढ उबदार पाण्यात सुमारे ६ ते ९ आठवड्यांत पुरी होते. मग ते बहुधा रात्री गवताच्या काडीवर चढते; पाठीवर चीर पडून चतुर बाहेर येतो व पोकळ कात तेथेच राहते.

शोध कसा घ्यावा?

१. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उघडीप असताना सकाळी पाहणी करावी.

२. पाण्यालगतचे लव्हाळे, गवत व दगड हातभर उंचीपर्यंत निरखावेत. अस्तराच्या शेततळ्यात काठ व दोर पाहावेत. अस्तर निसरडे असते; त्यावर उतरू नये.

३. कात काडीसह तोडून काडेपेटीत ठेवावी. चिठ्ठीवर गाव, तळे व दिनांक लिहावा.

ओळख

पाठीवरील चीर व तीतून डोकावणारे पांढरे धागे ही कातीची खूण होय. शरीर बारीक व शेवटी पानांसारखे तीन कल्ले असल्यास ती टाचणीची कात; शरीर जाड व शेवटी आखूड काटे असल्यास चतुराची. नंतर भिंगाने खालचा ओठ पाहावा. भटक्या चतुराच्या कुळात तो चमच्यासारखा असून तोंड झाकतो. लांब शरीराच्या व मोठ्या डोळ्यांच्या चतुरांत तो सपाट असतो. ओळख न पटल्यास नमुना परभणीच्या कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागास दाखवावा.

निष्कर्ष

एका पाहणीवरून निष्कर्ष काढू नये. पावसाने कात वाहून जाते. तळे लवकर आटल्यास किंवा माशांनी पिल्ले खाल्ल्यासही ती मिळत नाही. परंतु दरवर्षी कात मिळणाऱ्या तळ्याकाठी ती मिळेनाशी झाल्यास फवारणीचे औषध पाण्यात उतरते काय, हे अवश्य तपासावे. फवारणी पंप तळ्यात धुऊ नये, औषधाचे रिकामे डबे काठावर टाकू नयेत आणि काठावरील थोडे गवत राखावे. ज्या पाण्यात चतुर वाढतो, त्या पाण्यात डासांच्या अळ्यांना शत्रू असतो.