सौताडा : दोन खोऱ्यांच्या माथ्यावरील गाव

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बीड-जामखेड मार्गावर, बालाघाटच्या डोंगररांगेत सौताडा हे गाव वसले आहे. जिल्ह्याबाहेर ते फारसे परिचित नाही. येथे विंचरणा नदी उंच कड्यावरून खोल दरीत झेपावते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्यात कोसळणारा हा धबधबा उन्हाळ्यात मात्र कोरडा पडतो.

याच तालुक्यात मांजरा नदीचा उगम आहे. विंचरणेचे पाणी सीना व भीमा या नद्यांवाटे कृष्णेस, तर मांजरेचे गोदावरीस मिळते. दोन महानद्यांना पाणी देणारा हा प्रदेश स्वतः मात्र अवर्षणप्रवण आहे. येथील कठीण काळ्या कातळात पाणी केवळ भेगांतून व झिजलेल्या थरांतून मुरते. उरलेले उतारावरून वाहून जाते. मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले.

म्हणूनच समपातळी चर, बांधबंदिस्ती व वृक्षलागवड ही कामे माथ्यापासून पायथ्याकडे व्हावयास हवीत. कड्यावरून एकदा खाली गेलेले पाणी माथ्यावरच्या शेतास पुन्हा लाभत नाही, हाच सौताड्याचा धडा होय.