मित्राला दिलेला शब्द

शास्त्रपाठ : १ शमुवेल १८:१-४, २०:१-४२, २ शमुवेल ९:१-१३

चेन्नईच्या दक्षिणेस सिरुसेरी येथे संगणक-उद्योगाची मोठी वसाहत आहे. महाराष्ट्रातून तेथे नोकरीस गेलेल्या एखाद्या तरुणाची कल्पना करा. परक्या मुलखात शेजारी बसणारा सहकारीच त्याचा मित्र होतो. आणि बढतीच्या वेळी प्रतिस्पर्धीही तोच असतो. अशा वेळी मैत्री कोठवर टिकावी? योनाथानापुढे हाच प्रश्न होता.

१. मैत्रीची किंमत : योनाथान हा शौलाचा पुत्र, गादीचा वारस. त्याने आपला झगा, तलवार, धनुष्य व कमरबंद दाविदाला दिला. दावीद जिवंत असेपर्यंत तुझे राज्य स्थिर होणार नाही, असे शौलाने त्याला बजावले. तरीही त्याने मित्राची बाजू घेतली, तेव्हा बापाने त्याच्यावरच भाला फेकला (२०:३१-३३).

२. मैत्रीचा करार : या अध्यायात 'हेसेद' हा इब्री शब्द येतो. मराठीत त्यासाठी दया, कृपा, वात्सल्य असे शब्द योजतात. भाषांतर करताना माझी लेखणी येथे नेहमी अडखळते. कारण 'दया' म्हटले की थोराने लहानावर केलेले उपकार डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र आधी जिवाच्या भीतीने पळणारा दावीद राजपुत्राकडे हेसेद मागतो (२०:८) आणि मग राजपुत्र दाविदाकडे (२०:१४). हेसेद म्हणजे प्रेमाने दिलेल्या शब्दाला जागणे.

३. मैत्रीची कसोटी : योनाथान गिलबोवा डोंगरावर पडला, तेव्हा त्याचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता (२ शमुवेल ४:४). दाविदाने त्याचा शोध घेतला तोवर त्यालाही मुलगा झाला होता (९:१२). इतकी वर्षे लोटली होती. रानात झालेल्या त्या कराराला परमेश्वरावाचून साक्षी नव्हता. शिवाय शौलाचा नातू म्हणजे गादीवर हक्क सांगू शकणारा. तरी दाविदाने त्याला शौलाची जमीन परत दिली आणि आपल्या पंक्तीस बसवले.

सिरुसेरीतील त्या तरुणावर कोणी भाला फेकणार नाही. कदाचित वरिष्ठांपुढे, मित्राच्या पाठीमागे, त्याच्याविषयी एक खरे वाक्य बोलण्याची वेळ येईल, आणि त्यापायी स्वतःची बढती गमवावी लागेल. योनाथानाची वाट तेथूनही जाते.

मननासाठी : ज्याबद्दल विचारणारा आता कोणी उरला नाही, असा आपला कोणता शब्द अजून पाळावयाचा आहे?