टाकाऊ बाटलीला मेथीचे केस

शहरातील सदनिकेला अंगण नसते. परंतु खिडकीच्या कठड्यावर ऊन येते आणि स्वयंपाकघरात एखादी बाटली वा डबा नेहमीच रिकामा होत असतो. या दोहोंचा मेळ घातल्यास घरच्या घरी थोडी पालेभाजी पिकविता येते. बाटलीवर रंगीत कागदाचे डोळे, नाक व ओठ चिकटविले की तिचे बाहुले होते आणि उगवलेली मेथी त्याचे केस ठरते. मुलांना याहून चांगला खेळ कोणता?

रचना : दोन लिटरची पाण्याची बाटली मध्यावर कापावी. झाकणास छिद्र पाडून त्यातून जाड सुती नाडी ओवावी. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवावा. वर कोकोपीट व कंपोस्ट खत समप्रमाणात भरावे, खाली पाणी ठेवावे. नाडीतून पाणी आपोआप वर चढते. या क्रियेस 'केशाकर्षण' म्हणतात, हा या बाहुल्याच्या बाबतीत गमतीचा योगायोगच! रात्रभर भिजविलेले मेथीदाणे पेरल्यास तीन-चार दिवसांत अंकुर दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत 'केस' कापणीस येतात. डासांची पैदास होऊ नये म्हणून खालचे पाणी दर आठवड्यास बदलावे व भांडे घासून कोरडे करावे.

तंत्रज्ञानाची साथ : मातीतील ओलावा मोजणारा संवेदक आर्डुइनोसारख्या छोट्या नियंत्रकास जोडल्यास, माती सुकताच बाहुल्याचे डोळे लाल दिव्यांनी चमकविता येतात. इटलीतील इव्रिया येथे २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेले हे साधन शाळकरी मुलांनाही हाताळता येते. मात्र उघड्या धातूच्या दोन पट्ट्यांचा संवेदक विजेमुळे झिजतो व त्याचा धातू मातीत उतरतो. खाण्याच्या भाजीसाठी धातू झाकलेला, धारकतेवर चालणारा संवेदकच घ्यावा.

भांड्याचा पूर्वेतिहास : खरी दक्षता येथेच हवी. शोभेच्या रोपास कोणतेही भांडे चालते. ताटात येणाऱ्या भाजीस चालत नाही. कीटकनाशकाचे, रंगाचे किंवा इंजिन तेलाचे डबे आणि जुन्या बॅटरीची खोकी कितीही धुतली तरी वर्ज्य समजावीत. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वी रंगविलेल्या डब्यांत व खेळण्यांत शिसे अधिक असू शकते. शिशाचा सर्वाधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूस होतो आणि हा खेळ तर त्यांच्यासाठीच मांडलेला असतो. म्हणून ज्यात पूर्वी खाद्यपदार्थ वा पिण्याचे पाणी होते, तेच भांडे निवडावे.

कर्ज देण्यापूर्वी बँक अर्जदाराचा पूर्वेतिहास तपासते. बी पेरण्यापूर्वी डब्याचाही तपासावा; मग पहिल्या खुडणीची मेथी निर्धास्तपणे मुलांच्या ताटात वाढता येईल.