बल्ब वीज खातो का? पोरांसोबत मोबाइलवर विज्ञानाचा प्रयोग



गटाच्या बैठकीत बचत, हप्ते, कर्जफेड असं सगळं लिहून झालं की चहाच्या वेळी खरी बोलणी निघतात. आमच्याकडे एकीने विषय काढला, "पोरगी म्हणते मी मोबाइलवर विज्ञान करते. आता ती विज्ञान करते का रील बघते, मला काय कळणार? माझी शाळा सातवीतच सुटली." सगळ्या हसल्या, पण प्रश्न सगळ्यांचाच होता. म्हणून या वेळचा पाठ त्यावरच घेतला आहे.

मोबाइलवर विज्ञान दोन तऱ्हेचं असतं. एक व्हिडिओ. तो आपण नुसता बघतो, संपला की संपला. दुसरं म्हणजे पडद्यावरचा प्रयोग, ज्याला सिम्युलेशन म्हणतात. त्यात बोटाने वस्तू उचलायची, जोडायची, काढायची आणि काय होतं ते बघायचं. जोडणी चुकली तर बल्ब लागत नाही. ओरडणारं कुणी नाही, पुन्हा जोडायचं.

असे प्रयोग फुकट देणारी एक चांगली जागा आहे, तिचं नाव फेट. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात कार्ल वीमन या शास्त्रज्ञांनी 2002 साली हे काम सुरू केलं. त्यांना 2001 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, त्यातले काही पैसे त्यांनी या कामाला लावले. आज तिथे दीडशेच्या वर प्रयोग आहेत आणि बरेचसे मराठीतही आहेत. प्रयोग करायला नाव, नंबर, पासवर्ड काही द्यावं लागत नाही. मागितलं तर समजायचं, आपण भलत्याच ठिकाणी आलो.

आम्ही बैठकीतच एक प्रयोग उघडला. 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट: डीसी' त्याचं नाव. आठवीच्या पुस्तकात धाराविद्युत आहे, त्याला हा उपयोगी पडतो. एका बाजूला तारा, बॅटरी, बल्ब, स्विच ठेवलेले असतात. बोटाने ओढून मधल्या जागेत आणायचे आणि टोकाला टोक भिडवायचं. बॅटरी, तार, बल्ब, तार, परत बॅटरी असा फेरा पुरा झाला की बल्ब लागतो आणि तारांमधून निळे ठिपके सरकू लागतात. ते ठिपके म्हणजे इलेक्ट्रॉन. खरे इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत, इथे समजावं म्हणून दाखवलेत.

मग मी विचारलं, "एकाच फेऱ्यात एकामागे एक दोन बल्ब लावले तर कुठला जास्त उजळेल?" जोडण्याआधी सगळ्यांनी हात वर करायचे, असं ठरलं. जवळजवळ सगळ्यांचं मत एकच पडलं: बॅटरीजवळचा जास्त, पलीकडचा कमी. कारण पहिला बल्ब वीज खाणार, उरलेली दुसऱ्याला. पाटाच्या पाण्यासारखं, वरचं रान आधी भिजतं.

जोडून बघितलं. दोन्ही बल्ब सारखेच. आधीच्यापेक्षा दोन्ही मंद, पण एकमेकांना सारखे. ठिपके बघितले तर पहिल्या बल्बच्या आधी, दोन्हींच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या पुढे एकाच चालीने चाललेले. त्याच संचात प्रवाह मोजायचा अमीटर आहे. बॅटरी 9 व्होल्टची आणि बल्बचा रोध 10 ओहम असला, तर एकट्या बल्बला अमीटर 0.9 अँपिअर दाखवतो. दोन एकामागे एक लावले की 0.45 दाखवतो, आणि तारेत कुठेही लावा, 0.45 च.

म्हणजे बल्ब प्रवाह खात नाही. जितका आत जातो तितकाच बाहेर येतो. ही चूक फक्त आपली नाही हं, जगभरची मुलं हीच चूक करतात आणि चांगले मार्क पडलेलीही करतात. पुस्तकातली व्याख्या पाठ होते, पण मनातला पाट तसाच वाहत राहतो.

तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "बल्ब वीज खात नाही, तर मग बिल कशाचं येतं?"

खरं सांगते, मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. घरी गेल्यावर रहाट आठवला. विहिरीवरच्या रहाटाची गाडगी खाली जातात, वर येतात, पाणी ओतून पुन्हा खाली जातात. गाडगी कमी होतात का? नाही. पाणी मात्र पोहोचतं. तसं ठिपके म्हणजे गाडगी, ऊर्जा म्हणजे पाणी. बल्ब गाडगी ठेवून घेत नाही, पाणी तेवढं घेतो. आपलं बिल त्या ऊर्जेचं असतं. 1000 वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट पडतं. 9 वॅटचा एलईडी बल्ब एक युनिटात साधारण 111 तास चालतो. काकूंना पुढच्या बैठकीत हे सांगितलं. त्यावर त्यांनी इस्त्री किती वॅटची असते ते विचारलं आणि आम्ही सगळ्या इस्त्री उलटी करून वाचायला लागलो.

सांगायचं ते हे, की आईला उत्तर माहीत असलं पाहिजे असं काही नाही. आईने विचारायचं: "जोडायच्या आधी सांग, काय होईल?" आणि झाल्यावर: "असं का झालं असेल?" बस. मधे बोट घालायचं नाही. पहिली पाच-दहा मिनिटं तर पोरांना नुसतं खेळू द्यायचं, हे जोड ते जोड काही सांगायचं नाही. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर आगीच्या ज्वाळा येतात. पोरं ते मुद्दाम दहादा करतात. करू द्या. शॉर्टसर्किट काय असतं ते त्यांना तिथेच कळतं.

आणि एक. मोबाइल कुणाच्या हातात आहे, तिकडे लक्ष ठेवा. आमच्या घरात भाऊ जोडत होता आणि बहीण खांद्यावरून बघत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला येतं." जोडायला दिलं तर आलं नाही. बघणं आणि करणं यात फरक पडतो तो असा. आता दहा मिनिटं याची, दहा मिनिटं तिची, आणि ज्याच्या हातात मोबाइल नाही त्याने आधी अंदाज सांगायचा.

सहावीत साधी यंत्रे आहेत, त्यासाठी 'बॅलन्सिंग ॲक्ट' नावाचा प्रयोग बघा. झुल्याच्या फळीवर विटा ठेवायच्या. एकीकडे 10 किलोची वीट मध्यापासून 1 मीटरवर ठेवली, तर दुसरीकडे 5 किलोची 2 मीटरवर ठेवून फळी समतोल राहते. हातपंपाचा दांडा लांब का असतो ते यानंतर पोरीला विचारा.

खऱ्या वस्तूंपेक्षा हे बरं का? कोलोराडो विद्यापीठातच याची परीक्षा झाली, 2005 साली तिचा अहवाल छापून आला. पडद्यावर सर्किट शिकलेल्या विद्यार्थ्यांना खऱ्या तारा दिल्यावर त्यांनीही जोडणी चांगली केली, खऱ्या तारांवर शिकलेल्यांपेक्षाही सरस. पण ती कॉलेजची मुलं होती. आपल्या बारा वर्षांच्या पोरांना दोन्ही द्यावं, असं माझं मत. पडद्यावरची बॅटरी कधी उतरत नाही, बल्ब कधी उडत नाही, तार कधी सैल होत नाही. खऱ्यात हे सगळं होतं आणि तेही शिकायचंच असतं. पेन्सिल सेल दोन, टॉर्चचा छोटा बल्ब आणि तारेचे तुकडे एवढं पुरे. सेलची दोन टोकं थेट तारेने मात्र जोडायची नाहीत, तार तापते. आणि घरातल्या प्लगला हात लावायचा नाही, हे पोरांना दहादा बजावा. सेल 1.5 व्होल्टचा, घरातली लाइन 230 ची. पडद्यावर ज्वाळा बघून हसलेलं पोर सॉकेटमध्ये तार घालायला मागेपुढे बघणार नाही.

प्रयोग उघडायला गूगलचा माइक दाबून 'फेट कोलोराडो मराठी' म्हणा. पैसे मागणारं ॲपही दिसेल, ते घ्यायची गरज नाही, क्रोममध्ये सगळं फुकट उघडतं. रेंज नसणाऱ्या वाड्यांसाठी एकेक प्रयोग उतरवून ठेवता येतो, मग तो नेटशिवाय चालतो. ग्रामसंघाच्या कार्यालयात लॅपटॉप असेल तर त्यावर पाच-सहा उतरवून ठेवा आणि रविवारी पोरांना बोलवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरच्या एका वस्तूवरचे वॅट वाचून, वहीत लिहून आणायचे आहेत. दोन बल्ब एकामागे एक न लावता वेगवेगळ्या फाट्यांवर लावले तर दोन्ही पुरे का उजळतात, आणि घरातला एक बल्ब गेला तरी बाकीचे का चालू राहतात, ते तेव्हा जोडून बघू. अंदाज आत्ताच लिहून ठेवा.