वालुकाश्मातील माती

वाळूचे कण एकमेकांना घट्ट चिकटून जो खडक बनतो, त्याला वालुकाश्म म्हणतात. दिल्लीच्या लाल किल्ल्याची तटबंदी तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. ती याच दगडाची आहे. हा दगड भरीव वाटतो, परंतु भिंगातून पाहिल्यास कणाकणांत रिकाम्या जागा दिसतात. या जागांच्या प्रमाणाला सच्छिद्रता म्हणतात आणि त्यांतून पाणी वाहू देण्याच्या गुणाला पार्यता. हे दोन गुण एक नव्हेत. फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने १८५६ मध्ये वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. पार्यतेचे एकक त्याच्याच नावाने ओळखले जाते.

आता या खडकात थोडी चिकणमाती मिसळली आहे असे समजा. तिचे कण वाळूच्या कणांहून कित्येक पटींनी बारीक असतात. ते छिद्रांना जोडणाऱ्या अरुंद वाटांत अडकतात. छिद्रे शिल्लक राहतात, पण वाट बुजते. म्हणून सच्छिद्रता थोडीच घटली तरी पार्यता फार घटते. इलाइट या खनिजाचे तर केसांसारखे तंतू छिद्रांत आडवेतिडवे वाढतात. (माती नेहमीच वैरीण नसते. क्लोराइटचा पातळ थर कणांवर बसला, तर खोलवर गाडलेल्या खडकातही छिद्रे टिकून राहतात.)

खडकावर भार आला, की फरक अधिक जाणवतो. वाळूचे कण कठीण असल्याने एकमेकांवर टेकून भार पेलतात. माती मात्र मऊ. ती दबते, सरकते आणि उरलेल्या वाटाही बंद करते. त्यातच पाणी शिरले तर स्मेक्टाइटसारखी खनिजे फुगतात आणि कणांची पकड सैल होते. कोरडा असताना मजबूत असणारा मातीमिश्रित वालुकाश्म ओला होताच दुबळा होतो, तो यामुळे. पाणी अडवण्यास माती उपयोगी, भार पेलण्यास घातक!

सतलज नदीवरील भाक्रा धरण बांधताना हाच पेच पडला. १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले हे धरण सुमारे २२६ मीटर उंच आहे. त्याचा पाया शिवालिक रांगांतील वालुकाश्मावर आहे. पण त्या वालुकाश्मात मातीपासून बनलेल्या मऊ खडकाचे पट्टे आहेत. असा एक पट्टा धरणाच्या जलाशयाकडील पायथ्याशीच निघाला. वर एवढा प्रचंड भार, बाजूला तुडुंब जलाशय. अभियंत्यांनी त्या पट्ट्यातील मऊ खडक खोलवर खणून काढला आणि ती पोकळी काँक्रीटने भरून घेतली.